बंद पडलेलं लांबचं विमान पुन्हा सुरू झालं की: पुण्याहून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

‘अमुक कंपनीची मुंबईहून थेट सेवा पुन्हा सुरू’ अशी बातमी घरच्या ग्रुपवर आली, की मेलबर्नला लेक किंवा न्यू जर्सीला मुलगा असलेल्या घरात लगेच तिकिटांचे दर बघणं सुरू होतं. तिकीट हे खरं तर चौथं काम. त्याआधी बातमी कितपत पक्की आहे ते बघायचं, कागद तपासायचे आणि मार्ग ठरवायचा. २०२० साली कोविडमुळे ज्यांचं जाणं राहिलं ते राहिलंच, अशा आई-बाबांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो. हवेतले चौदा-पंधरा तास सहसा निभावून जातात. प्रवास बिघडतो तो जोडांवर. पुणे आणि मुंबईच्या मध्ये, दोन विमानांच्या मध्ये, पासपोर्टवरचं नाव आणि तिकिटावरचं नाव यांच्या मध्ये.

पायरी १: बातमीत किती दम आहे ते पाहा

सेवा सुरू होण्याची घोषणा, तिकीटविक्री, सरकारची परवानगी आणि प्रत्यक्ष उड्डाण या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या याच क्रमाने येतील असं नाही. भारताने नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा २३ मार्च २०२० पासून थांबवली. मे २०२० मध्ये परदेशात अडकलेल्यांना आणणारी ‘वंदे भारत’ मोहिमेची विमानं सुरू झाली, जुलैपासून ठरावीक देशांशी ‘एअर बबल’चे, म्हणजे मोजकीच विमानं चालवण्याचे करार झाले, पण नियमित सेवेवरची बंदी वाढतच राहिली. २६ नोव्हेंबर २०२१ ला सरकारने जाहीर केलं, की १५ डिसेंबरपासून सगळं पूर्ववत. तेवढ्यात कोविडचा ओमायक्रॉन हा नवा प्रकार आला आणि १ डिसेंबरला तो निर्णय पुढे ढकलला गेला. मधल्या पाच दिवसांत बातमीवर विसंबून ज्यांनी तिकिटं काढली, त्यांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. सेवा खरोखर सुरू झाली ती २७ मार्च २०२२ ला.

या तारखेत एक उपयोगी खूण आहे. मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, या दोन दिवशी जगभरच्या विमान कंपन्यांचं हंगामी वेळापत्रक बदलतं. नवे मार्ग सुरू होणं, तोट्यातले बंद होणं, वेळा सरकणं हे बहुतेक या दोन तारखांच्या आसपास घडतं. तुमचा प्रवास त्या सुमारास असेल तर तिकीट काढल्यानंतरही दर पंधरवड्याला कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकून वेळ पाहत जा. सगळ्याच कंपन्या बदल कळवायची तसदी घेतात असं नाही.

आपली दारं उघडली म्हणजे पलीकडची उघडली असंही नसतं. अमेरिकेने लस घेतलेल्या प्रवाशांना नोव्हेंबर २०२१ मध्ये आत घेतलं. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२० मध्ये बंद केलेली सीमा पर्यटकांसाठी २१ फेब्रुवारी २०२२ ला खुली केली, न्यूझीलंडने पूर्णपणे ३१ जुलै २०२२ ला, आणि चीनने जानेवारी २०२३ मध्ये. अमेरिकेची लसीची अट तर मे २०२३ पर्यंत होती. आता बहुतेक देश कोविड लसीचं प्रमाणपत्र मागत नाहीत. परदेशातून येताना कोविडची माहिती भरायचं आपलं ‘एअर सुविधा’ पोर्टलही नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झालं. तेव्हा कुणी जुना मेसेज पाठवून आरटीपीसीआर करायला लावत असेल तर आधी तारीख बघा.

परवानगी मिळाली तरी विमानं दुसऱ्या दिवशी का उडाली नाहीत, असा प्रश्न तेव्हा बऱ्याच जणांना पडला. उभं राहिलेलं मोठं विमान गॅरेजमधल्या गाडीसारखं किल्ली फिरवून चालू होत नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीची ए३८० ही दुमजली विमानं कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात ठेवली होती, काही आशियाई कंपन्यांची ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्जला, बऱ्याच युरोपीय कंपन्यांची स्पेनमधल्या तेरुएलला. कोरडी हवा गंजापासून वाचवते म्हणून ही ठिकाणं. अशा विमानाच्या वेग मोजणाऱ्या नळ्यांत किडे घर करतात, टायर एका जागी दबतात, ऑइल आणि सील बदलावे लागतात. वैमानिकांचंही तेच: गेल्या ९० दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन उतरणी झालेल्या नसतील तर प्रवासी घेऊन उडता येत नाही, आधी सिम्युलेटरवर बसावं लागतं. त्यातून जमिनीवरचा कर्मचारीवर्ग कमी केलेला. २०२२ च्या उन्हाळ्यात लंडनच्या हीथ्रो विमानतळाने रोजच्या निघणाऱ्या प्रवाशांवर एक लाखाची मर्यादा घातली. त्याच जुलैमध्ये डेल्टाने हीथ्रोहून डेट्रॉइटला एक विमान प्रवाशांशिवाय नेलं, आत होत्या मागे राहिलेल्या सुमारे हजार बॅगा.

म्हणून माझा सल्ला: नव्याने सुरू झालेल्या मार्गावरचं पहिल्या महिन्यातलं तिकीट घेऊ नका. कौतुकाचे फोटो इतरांना काढू द्या. बाळंतपण, लग्न, पदवीदान अशा हलवता न येणाऱ्या कामासाठी जात असाल तर हे अधिकच लागू.

पायरी २: कागद

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक हवी. काही देशांचा नियम सैल आहे, पण काउंटरवर वाद घालण्यापेक्षा सहा महिने धरून चला. पुणेकरांचं काम मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात होतं, अडलेल्या फायली बाणेरच्या कार्यालयात जातात. ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २,०००. पोलीस पडताळणीसाठी पत्ता तोच ठेवा जिथे तुम्ही खरोखर राहता. कोथरूडचा जुना फ्लॅट भाड्याने देऊन वाकडला मुलाकडे राहायला आलेल्या जोडप्यांचं घोडं इथेच अडतं.

आता नाव. आपल्याकडे नावात नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव मधे येतं, आणि ते पासपोर्टवर नेमकं कुठल्या रकान्यात गेलंय ते घरच्यांनाही माहीत नसतं. तिकिटावर नाव आणि आडनाव पासपोर्टच्या रकान्यांप्रमाणे जसंच्या तसं हवं. आईचा पासपोर्ट माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने असेल, तर तिकीट आणि व्हिसा दोन्ही पासपोर्टच्याच नावाने काढा. आडनावाचा रकाना रिकामा असलेले जुने पासपोर्ट अजून आहेत. ते व्हिसाच्या आधी दुरुस्त करून घ्या.

बंदीच्या काळात पासपोर्ट संपला, पण त्यावरचा अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा जिवंत आहे, असं पुष्कळांचं झालंय. तो व्हिसा चालतो. जुना आणि नवा, दोन्ही पासपोर्ट बरोबर न्यायचे, आणि जुना रद्द करताना त्याला भोक पाडतात, तेव्हा व्हिसाचं पान शाबूत राहिलंय ना ते पाहायचं.

नवा व्हिसा काढायचा असेल तर त्याची तारीख हीच तुमच्या प्रवासाची पहिली तारीख. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी भारतातली प्रतीक्षा २०२२ च्या अखेरीस ९०० दिवसांच्या पलीकडे गेली होती. नंतर ती उतरली, तरी मुलाखत मुंबईत बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत जाऊनच द्यावी लागते, आणि ऐंशीच्या पुढच्या आजी-आजोबांना वयाची जी सूट असे ती सप्टेंबर २०२५ पासून काढलेली आहे. ऑस्ट्रेलियाच्या पर्यटक व्हिसाचा अर्ज घरबसल्या ऑनलाइन होतो. व्हिसा हातात येण्याआधी परत न मिळणारं तिकीट काढायला कुणी घाई करत असेल, मग तो एजंट असो की उत्साही जावई, त्याला शांतपणे नाही म्हणा.

पायरी ३: मार्ग ठरवा

पुण्याहून सरळ न्यूयॉर्क का नाही, हा प्रश्न दर दिवाळीला निघतो. पुण्याचा लोहगाव विमानतळ हा हवाई दलाचा तळ आहे, नागरी विमानं तिथे मिळालेल्या वेळात उडतात. धावपट्टी सुमारे २,५०० मीटरची, मुंबईची मोठी धावपट्टी त्याहून जवळपास ९०० मीटरने लांब. शिवाय पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच, उन्हाळ्यात हवा विरळ होते, आणि इंधनाने भरलेल्या मोठ्या विमानाला उचलायला आणखी लांब धाव लागते. जुलै २०२४ पासून चालू झालेलं नवं टर्मिनल देखणं आहे, पण टर्मिनलने धावपट्टी वाढत नाही. म्हणून लोहगावहून दुबई, सिंगापूर, बँकॉक अशी लहान विमानांच्या टप्प्यातली ठिकाणं येतात-जातात. लुफ्तान्साचं फ्रँकफुर्टचं विमान पूर्वी होतं, तेही छोटंच. तेव्हा तुमच्यापुढे पर्याय तीन.

एक, गाडीने मुंबई आणि तिथून थेट किंवा एक थांबा. दोन, लोहगावहून दिल्ली आणि दिल्लीहून पुढे. तीन, लोहगावहून आखाती किंवा आग्नेय आशियातलं शहर आणि तिथून पुढे. सामान जास्त, वय जास्त आणि इंग्रजी बोलायचा संकोच असेल तर मी पहिला पर्याय सुचवेन. विमानतळ जितके कमी तितकं बरं. एकट्या तरुणाला तिसरा सोयीचा, घाट चुकतो.

कुठलाही घ्या, पण सगळे टप्पे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरखाली असू द्या. पुणे–दिल्ली स्वस्तात वेगळं आणि दिल्ली–शिकागो वेगळं काढलं, तर पहिलं विमान उशिरा पोचल्यावर दुसरी कंपनी तुम्हाला ‘आला नाहीत’ म्हणून नोंदवते आणि तिकीट जातं. एकच तिकीट असेल तर पुढच्या विमानात बसवणं ही त्यांची जबाबदारी. बॅगही शेवटपर्यंत जाते. अपवाद अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाचा: तिथे देशात जिथे पहिल्यांदा उतराल तिथे सहसा बॅग घेऊन कस्टममधून बाहेर यावं लागतं, मग पुन्हा सोडायची. परतताना दिल्लीमार्गे पुण्याला येणाऱ्यांनाही दिल्लीत साधारण हेच करावं लागतं. त्यासाठी मधे तीन तास तरी ठेवा, चार असतील तर चहाही होईल.

तिकीट शोधताना ‘किती थांबे’ हा रकाना बघा, नुसतं ‘थेट’ लिहिलंय म्हणून खूश होऊ नका. एकाच क्रमांकाचं विमान वाटेत इंधनासाठी उतरू शकतं. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना बंद झालं, एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं भारतीय कंपन्यांना. त्यामुळे दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या काही विमानांना वळसा पडला, काहींना मधे उतरावं लागलं. महामारी संपली तरी मार्ग बंद-चालू होण्याची कारणं संपलेली नाहीत.

‘ऑपरेटेड बाय’पुढे दुसऱ्याच कंपनीचं नाव असेल तर सामानाचे आणि जागा निवडण्याचे नियम त्या कंपनीचे असू शकतात. लंडनला किंवा युरोपात विमान बदलायचं असेल तर ट्रान्झिट व्हिसा, म्हणजे नुसतं विमान बदलण्यासाठीचा व्हिसा, लागतो का, ते त्या देशाच्या सरकारी साइटवर बघा. अमेरिकेचा किंवा ऑस्ट्रेलियाचा वैध व्हिसा असेल तर लंडनला सहसा सूट मिळते. आणि मुंबई म्हणताना कुठली मुंबई? डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. तिकिटावर विमानतळाचा कोड बीओएम असेल तर सहार, एनएमआय असेल तर उलवे. पुण्याहून उलवे अलीकडे पडतं, पण चुकीच्या विमानतळावर लवकर पोचून काय उपयोग.

पायरी ४: तिकीट काढा

शक्यतो कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून काढा. चार-पाच हजार वाचतात म्हणून अनोळखी साइटवर गेलात, तर बदलाच्या वेळी कंपनी म्हणते एजंटला विचारा आणि एजंट म्हणतो कंपनीला विचारा. पेठेतला वर्षानुवर्षांचा ओळखीचा एजंट असेल तर गोष्ट वेगळी. रात्री अकराला फोन उचलणारा माणूस पैसे वसूल करून देतो. मोबाइल आणि ईमेल मात्र तुमचाच घाला, एजंटचा नको, नाहीतर वेळ बदलल्याचा निरोप त्याच्या दुकानात पडून राहतो.

अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांसाठी एक सवलत आहे. प्रवासाला सात दिवस किंवा जास्त असताना कंपनीकडून थेट काढलेलं तिकीट २४ तासांच्या आत रद्द केलं तर पूर्ण पैसे परत द्यावे लागतात, किंवा पैसे न घेता तो दर तेवढा वेळ राखून ठेवावा लागतो. स्पेलिंग तपासायला एवढा वेळ पुरतो.

विमा इथूनच घ्या, आणि मधुमेह-रक्तदाब लपवू नका. लपवलेल्या आजाराचा दावा नाकारतात, आणि अमेरिकेतल्या इस्पितळाचं एका रात्रीचं बिल बघून नवा आजार होतो.

पायरी ५: बॅग

प्रत्येक बॅगेचं वजन घरी करा. लांबच्या मार्गांवर साधारण २३ किलोची एक किंवा दोन, एकच बॅग ३२ च्या वर चालत नाही. पॉवर बँक हातातल्या सामानात, १०० वॉट-तासांपर्यंत, म्हणजे सुमारे २७,००० एमएएचपर्यंत. रोजची औषधं आणि इन्सुलिन हातातच. सोबत औषधाचं मूळ नाव लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी. द्रव पदार्थ १०० मिलीपर्यंतच, आणि लोणचं व तूप हे सुरक्षा तपासणीत द्रवच धरतात. ते मोठ्या बॅगेत जाऊ द्या.

सुकं खोबरं मात्र कुठल्याच बॅगेत नको. त्यातल्या तेलामुळे ते ज्वलनशील मानलं जातं आणि बॅग उघडायला लावतात. कढीपत्त्याची ताजी डहाळी, फळं, मांस-मासळी घरीच ठेवा. ऑस्ट्रेलियाचं या बाबतीत फार कडक आहे. विमानात मिळणाऱ्या कार्डावर भाकरवडी, मेतकूट, गोडा मसाला, दुधाची मिठाई, बिया सगळं ‘आहे’ म्हणून लिहा. दाखवलेलं चालण्यासारखं नसेल तर ते काढून घेतात आणि सोडतात. लपवलेलं सापडलं तर हजारो डॉलरचा दंड होऊ शकतो, व्हिसाही रद्द होऊ शकतो. कंपनीचं सीलबंद पाकीट आणि त्यावर इंग्रजीत घटक छापलेले असले की अधिकाऱ्याचंही काम सोपं होतं. आईच्या हातच्या चिवड्याची डब्यातली चव कितीही वरचढ असली, तरी डब्यावर काही छापलेलं नसतं.

पायरी ६: पुण्याहून निघा, वेळेच्या आधी

लांबची विमानं मुंबईहून बहुतेक मध्यरात्रीनंतर निघतात. १५ तारखेचं ००:४० चं विमान म्हणजे तुम्ही १४ च्या दुपारी घर सोडायचं. ही चूक शिकलेली माणसंही करतात. कॅलेंडरवर ‘घरातून निघण्याची वेळ’ लिहा, विमानाची नको.

पुणे ते सहार अंतर दीडशे किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर साडेतीन तास, पण त्या ‘असेल तर’वर विसंबू नका. रविवारी संध्याकाळी लोणावळ्याहून मुंबईकडे परतणाऱ्यांची रांग घाटातच लागते. पावसाळ्यात दरड येते; जुलै २०२३ मध्ये आडोशी बोगद्याजवळ आली तेव्हा एक्स्प्रेसवेची मुंबईकडची बाजू अडली होती. एप्रिल २०२० मध्ये, रस्ते सुनसान असताना, कोंडीला कारण ठरणारा जुना अमृतांजन पूल पाडून टाकला. त्याने थोडा फरक पडला, घाट मात्र घाटच राहिला. एरवी सहा तास आणि पावसाळ्यात किंवा रविवारी सात तास आधी निघा, आणि काउंटरवर तीन तास आधी पोचायचं ते वेगळं. म्हणजे मध्यरात्रीच्या विमानासाठी दुपारी तीन. हे ऐकून घरातले हसतात. हसू द्या.

सामान थोडं असेल तर रेल्वे विसरू नका. दुपारी सव्वातीनची डेक्कन एक्स्प्रेस दादरला संध्याकाळी सोडते, तिथून टॅक्सी. गाडी ठरवत असाल तर शेअर गाडीपेक्षा स्वतंत्र गाडी घ्या. शेअरवाला हडपसर, कॅम्प, औंध असं सगळ्यांना गोळा करत निघतो आणि घड्याळ तुमचं चालतं. ड्रायव्हरचा नंबर आदल्या दिवशीच घ्या.

लोहगावहून जाणाऱ्यांसाठी: चेहरा ओळखून आत सोडणारं डिजियात्रा देशांतर्गत टप्प्याला चालतं, आंतरराष्ट्रीयला नाही. मुंबई, दिल्लीला इमिग्रेशनची रांग टाळायची असेल तर सरकारचा ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन’ कार्यक्रम आहे. आधी ऑनलाइन अर्ज आणि एकदा बोटांचे ठसे द्यावे लागतात.

पायरी ७: विमानतळ आणि विमान

चालायला त्रास असेल किंवा मधल्या विमानतळावर गोंधळ होईल अशी धास्ती असेल, तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी मागा. त्याचे वेगळे पैसे नाहीत. ती ढकलणारा माणूस पुढच्या गेटपर्यंत सोडतो. लाजू नका, पण धडधाकट असाल तर मागूही नका. खुर्च्या मोजक्याच असतात.

विमानात दर दोन तासांनी उठून चाला, पाणी प्या, पायाला सूज येत असेल तर डॉक्टरांना विचारून घट्ट मोजे घाला. शाकाहारी किंवा जैन जेवण आधी नोंदवावं लागतं. उतरल्यावर कुणाकडे जाताय त्याचा पत्ता आणि फोन कागदावर लिहून खिशात ठेवा. मोबाइल बंद पडला तरी कागद चालू राहतो.

पायरी ८: विमान रद्द झालं तर

घाईने ‘क्रेडिट’, म्हणजे पैशांऐवजी त्याच कंपनीच्या पुढच्या तिकिटासाठीची जमा, स्वीकारू नका. लॉकडाऊनच्या काळात बऱ्याच कंपन्यांनी पैशांऐवजी क्रेडिट दिलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १ ऑक्टोबर २०२० च्या आदेशाने, लॉकडाऊनमध्ये काढलेल्या त्याच काळातल्या प्रवासाच्या तिकिटांचे पूर्ण पैसे आणि इतर बऱ्याच तिकिटांसाठी ३१ मार्च २०२१ पर्यंतची ‘क्रेडिट शेल’ अशी सोय झाली. ती त्या काळापुरती होती. आता कंपनीने स्वतः विमान रद्द केलं, तर विमानसेवेवर देखरेख करणाऱ्या डीजीसीए या सरकारी यंत्रणेच्या नियमांनुसार दुसरं विमान किंवा पैसे परत, यातून निवड तुमची. बदल दोन आठवडे आधी कळवलेला नसेल तर काही परिस्थितींत भरपाईही मिळते, पण वादळ, युद्ध, बंद आकाश अशी कारणं त्यातून वगळलेली आहेत. युरोपातल्या विमानतळावरून निघणाऱ्या लांबच्या विमानाला मोठा उशीर झाला आणि दोष कंपनीचा असला, तर युरोपीय नियमाने ६०० युरोपर्यंत मागता येतात, कंपनी भारतीय असली तरी.

बॅग आली नाही, तर हॉलमधून बाहेर पडण्याआधीच कंपनीच्या काउंटरवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. दरम्यान घेतलेल्या कपड्यांच्या आणि औषधांच्या पावत्या जपा. फुटलेल्या बॅगेबद्दल सात दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या बॅगेबद्दल ती मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी दावा करावा लागतो. कंपनी दाद देत नसेल तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका. पीएनआर, बोर्डिंग पास आणि बॅगेच्या टॅगचा फोटो आधीच काढून ठेवलेला असेल तर ती दहा मिनिटांत होते.